बिऱ्हाड परदेशी, कागद आपल्या नावाचे

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



चिटणीसबाईंनी भाषणाचे सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. मी उभी राहून काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दहा वर्षे काठमांडूला बिऱ्हाड केलेत. आपल्याकडच्या किती मुली लग्न होऊन तिकडे जातात. बरोबर काय न्यायचे, तिथे गेल्यावर कुठे काय नोंदवायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही. तेवढे सांगा." तेव्हा आज मी पाककृती नाही, तर कागदपत्रांचा विषय घेऊन आपल्यापुढे उभी आहे. विषय रुक्ष आहे खरा. परंतु या कागदांपायी बायकांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आहे, म्हणून सांगते. थोडा धीर धरून ऐकावे, ही विनंती.

आपला हा भाग कमी पावसाचा. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची माणसे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, साऱ्या हिंदुस्थानात पांगली आहेत. त्यांतलीच काही नेपाळात गेली. आमचे हेही त्यांतलेच. काठमांडूला न्यू रोड म्हणून सराफी पेठ आहे, तेथे एका सराफाकडे ते भट्टीवर होते. २०१० साली मी दोन मुलांना घेऊन त्यांच्यामागे गेले आणि २०२० सालापर्यंत आमचा संसार तिकडे होता.

आता कोणी म्हणेल, नेपाळला जायला कागद कसले लागतात? व्हिसा तर लागतच नाही! ते खरे आहे. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्याच्या ७व्या कलमाप्रमाणे एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, येण्याजाण्याची, व्यापारउदीम करण्याची सवलत आहे. सुमारे १,७५० किलोमीटरची ही सीमा दोन्ही देशांच्या माणसांना खुली आहे. अमेरिकेला किंवा दुबईला जाणाऱ्याच्या मागे जी यातायात असते, ती इथे नाही. आम्ही गोरखपूरपर्यंत रेल्वेने गेलो, तेथून बसने सुनौलीला उतरलो आणि डोक्यावर गाठोडी घेऊन फाटकातून चालत पलीकडे गेलो. त्या दिवशी आम्हांला कोणी अडवलेही नाही.

पण भगिनींनो, इथेच माणूस फसतो. फाटक उघडे असले म्हणजे पुढची सगळी दारे उघडी असतात असे नव्हे. तिकडे भाड्याची खोली घ्यायची आहे, मुलाला शाळेत घालायचे आहे, बँकेत खाते काढायचे आहे, बाळंतपण व्हायचे आहे आणि देव न करो, पण घरात कोणी दगावायचेही आहे. यांतल्या प्रत्येक दाराशी कागद विचारतात. दुसऱ्या देशांत जाणारा माणूस व्हिसाच्या धास्तीने आधीच सगळे कागद गोळा करतो. नेपाळला जाणाऱ्याला ती धास्ती नसते, म्हणून तो तसाच उठून जातो. मग तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येते.

प्रथम प्रवासापुरते काय लागते ते सांगते. आपल्या सरकारचा नियम असा आहे की, नेपाळला जाणाऱ्या भारतीयाजवळ चालू मुदतीचा पासपोर्ट तरी हवा, नाहीतर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र तरी हवे. आपण ऊठसूट जे आधार कार्ड दाखवतो, ते १५ ते ६५ वयाच्या माणसाला या प्रवासासाठी धरत नाहीत. हे पुष्कळांना ठाऊक नसते. जमिनीच्या वाटेने जाताना कोणी चालवूनही घेईल, परंतु विमानाला ते चालत नाही. आधार घेऊन विमानतळावर गेलेली माणसे तिकिटाचे पैसे बुडवून माघारी आल्याचे मला ठाऊक आहे. १५ वर्षांच्या आतील मुलांना आणि ६५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांना मात्र सवलत आहे. त्यांना वय आणि ओळख पटेल असा फोटोचा कागद, आधार कार्डसुद्धा, चालतो. १५ ते १८ वयाच्या मुलामुलींना शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. माझी थोरली २०१६ साली सोळा वर्षांची होती, तेव्हा तिच्या मामाबरोबर विमानाने येताना मी तो दाखला शाळेतून आधीच मागवून ठेवला होता.

आता या नियमातले एक कलम नीट ऐका, कारण माझ्या भाषणातला मुख्य मुद्दा त्यातच आहे. नवरा, बायको, लहान मुले आणि आईवडील असे सगळे कुटुंब एकत्र जात असेल, तर त्यांतल्या एका मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असले तरी चालते. बाकीच्यांजवळ फोटोचा आणि नाते दाखवणारा काही पुरावा असला म्हणजे झाले. सवलत चांगली आहे, गरिबाच्या सोयीची आहे. पण तिचा परिणाम काय होतो? नवऱ्याचे कार्ड दाखवून सारे कुटुंब पलीकडे जाते. बाई "यांचे कुटुंब" म्हणून जाते आणि तेवढीच राहते. नवरा शेजारी उभा आहे तोवर तिला कोणी काही विचारीत नाही. ज्या दिवशी तिला एकटीने कुठल्या खिडकीपुढे उभे राहावे लागते, त्या दिवशी तिच्या हाती काही नसते.

माझे वडील ग्रामपंचायतीत शिपाई होते. कागदावाचून अडलेली माणसे त्यांनी जन्मभर पाहिली. त्यांनी मला निक्षून सांगितले होते, "जावई खुशाल नेतील तुला, पण तू तुझा पासपोर्ट काढल्याशिवाय जायचे नाहीस." तेव्हा जिल्ह्याच्या गावी दोनदा खेपा घालाव्या लागल्या. हल्ली कित्येक मोठ्या टपाल कचेऱ्यांतूनच पासपोर्टाची केंद्रे निघाली आहेत, त्यामुळे काम पुष्कळ सोपे झाले आहे. चार दिवसांच्या देवदर्शनाला मतदार कार्ड पुरते. बिऱ्हाड करायचे असेल, तर घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट असावा, बाईचा तर असावाच.

यानंतर निघण्यापूर्वीची तयारी. सगळ्यांत आधी आपले नाव तपासा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, आधारवर तिसरेच काहीतरी इंग्रजी स्पेलिंग! गावात सगळे ओळखतात, म्हणून इथे काही अडत नाही. परक्या मुलखातल्या कारकुनाला मात्र त्या तीन निराळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. सर्व कागदांवर एकच नाव, एकच जन्मतारीख करून घ्यावी. नाव बदललेले असेल तर सरकारी राजपत्रात ते छापून आणावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

त्याखालोखाल लग्नाची नोंद. महाराष्ट्रात १९९८ सालचा विवाह नोंदणीचा कायदा आहे आणि खेड्यात ग्रामपंचायतीतही ही नोंद होते. लग्नाला वीस वर्षे झाली असली तरी ती करता येते. पण तिला नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. दोघेही हयात आहेत, एका ठिकाणी आहेत, तोवरच हे काम उरकून घ्यावे. लग्नाची पत्रिका आणि फोटो असले म्हणजे पुरे, असे समजू नका.

मग मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. परप्रांतात किंवा परदेशात नेण्याच्या दाखल्यावर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागतात, ती आधीच घ्यावी. मुलांची लस टोचल्याची कार्डे घ्यावी. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून पावती घ्यावी, म्हणजे परत आल्यावर नवी जोडणी मागताना वाद होत नाही. रेशन दुकानात आणि बँकेत आपण बाहेरगावी राहणार असल्याचे कळवावे. आणि आपला इकडचा मोबाइल नंबर बंद पडू देऊ नये. आधार, बँक, पॅन सारे त्या नंबराला जोडलेले असते. नंबर गेला की आपल्याच खात्यातले पैसे आपल्याला काढता येत नाहीत, आणि तो नंबर पुन्हा मिळवायला हजार किलोमीटर प्रवास करून यावे लागते.

मोटारसायकल बरोबर नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिकडे आपल्या पाटीच्या गाडीला सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, दिवसाच्या हिशेबाने भरावी लागते आणि वर्षाला तीसच दिवसांची मुभा मिळते. बिऱ्हाड करणाऱ्याने गाडी इथेच ठेवावी हे बरे.

पैशाचेही सांगते. आपल्या शंभर रुपयांना तिकडचे १६० रुपये, हा भाव १९९३ सालापासून ठरलेला आहे. बाजारात आपल्या रुपयाला "आयसी" आणि त्यांच्या रुपयाला "एनसी" म्हणतात. भाव ऐकताना कोणता रुपया ते विचारून घ्यावे. मोठ्या नोटांचा नियम मात्र वेळोवेळी बदलत आला आहे. २०१६ साली आपल्याकडे पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा तिकडे आडीअडचणीला जपून ठेवलेल्या नोटा कित्येकांच्या हाती तशाच राहिल्या. पुढे २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने आपल्या शंभराहून मोठ्या नोटा वापरण्यास मनाई केली. म्हणून जाण्याच्या आठवड्यात त्या वेळचा नियम बँकेत विचारावा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि जास्तीची रोकड लुगड्यात बांधून नेऊ नये.

आता पलीकडे गेल्यावर काय करायचे ते सांगते. काठमांडूला लैनचौर येथे आपली भारतीय वकिलात आहे, आणि बीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. तेथे आपले नाव नोंदवून यावे. पासपोर्ट, राहण्याच्या जागेचा कागद आणि फोटो घेऊन मी पहिल्या महिन्यातच गेले होते. आमचे हे तिकडे आधीपासून चार वर्षे होते, त्यांचीही नोंद तेव्हाच केली. काही संकट आले तर आपण त्या देशात आहोत हे आपल्या सरकारला ठाऊक असावे, एवढाच त्यातला हेतू. पण त्या एका कागदाचा मला पुढे चारदा उपयोग झाला.

तिकडच्या कचेऱ्यांची एक गंमत सांगते. नेपाळी भाषा आपल्याच बाळबोध लिपीत लिहितात. मी सातवी शिकलेली बाई, इंग्रजी अर्ज समोर आला की मला घाम फुटतो. पण तिकडच्या वडा कार्यालयातला, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीतला, अर्ज मी स्वतः वाचू शकले. "दर्ता" म्हणजे नोंदणी, "थर" म्हणजे आडनाव, "बाजे" म्हणजे आजोबा, "घरबेटी" म्हणजे घरमालक, "सिफारिस" म्हणजे शिफारसपत्र. अर्जात तीन पिढ्यांची नावे विचारतात, त्याला "तीनपुस्ते" म्हणतात. आजेसासऱ्यांचे नाव पाठ करून जावे. कारकून "नागरिकता?" असे विचारतो, तेव्हा तो आपल्या देशाचे नाव विचारीत नसतो. तिकडे नागरिकता म्हणजे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, आपल्या आधारसारखे घरोघरी असणारे. आपण सांगावे की मी भारतीय आहे, आणि पासपोर्ट पुढे करावा.

तारखांचेही असेच आहे. त्यांचे सरकारी कागद विक्रम संवताने चालतात. वर्ष बैशाखात, आपल्या एप्रिलच्या मध्याला बदलते. २०१५ सालचा मोठा भूकंप २५ एप्रिलला झाला, तो त्यांच्या कागदावर १२ बैशाख २०७२ असा लिहितात. भाड्याचा करार, मुलाच्या जन्माचा दाखला, पगाराची चिठ्ठी, सारे असेच. मी प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने आपली इंग्रजी तारीख लिहून ठेवीत असे. पॅनही दोन देशांत दोन. नेपाळात नोकरी किंवा धंदा करणाऱ्याला तिकडच्या कर खात्याचा निराळा पॅन नंबर काढावा लागतो, आपला पॅन तेथे चालत नाही.

आणि घर-जमिनीचे. कराराच्या कलमात मालमत्तेचा शब्द आहे, पण नेपाळच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला सरकारी परवानगीवाचून तेथे जमीनजुमला घेता येत नाही. काहीजण तिथल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर घर घेतात. जमिनीच्या मालकीच्या कागदाला तिकडे लालपुर्जा म्हणतात. त्यावर ज्याचे नाव, त्याचे घर. आपल्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या लालपुर्ज्यावर घालू नये, हे आपल्या घरातल्या पुरुषांना आपणच सांगितले पाहिजे.

माझा धाकटा २०१२ साली काठमांडूला झाला. तेव्हा जन्म झाल्यापासून ३५ दिवसांच्या आत वडा कार्यालयात नोंद करायची असे, ती आम्ही केली. परंतु तेवढ्याने तो भारतीय ठरत नाही, आणि तिथे जन्मला म्हणून नेपाळीही ठरत नाही. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. वर्ष उलटले तर दिल्लीच्या केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळंतिणीला हे कोण सांगणार? मी दोन महिन्यांचे बाळ घेऊन लैनचौरला गेले, नोंद केली, त्याचा पासपोर्टही तेथेच काढला. त्यामुळे इकडे परत आल्यावर त्याला शाळेत घालताना मला कोणी एक शब्द विचारला नाही.

आता एक दुःखाची हकीगत सांगते. त्या माउलीचे नाव-गाव सांगत नाही. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आपल्याच भागातले एक कुटुंब होते. नवरा कारागीर, मुलगा आणि मुलगी शाळेत. २०१७ साली एका रात्री नवऱ्याच्या छातीत कळ आली आणि सकाळपर्यंत तो गेला. बागमतीच्या काठी पशुपतीच्या आर्यघाटावर आमच्या माणसांनी त्याला अग्नी दिला. ती बाई नवऱ्याच्या मतदार कार्डावर तिकडे आलेली होती. शाळेच्या दाखल्यावर तिचे एक नाव, आधारवर दुसरे. लग्नाची नोंद केलेली नव्हती आणि आता करायची म्हटले तर सही करायला नवरा नव्हता.

तेव्हा मृत्यूची नोंदही ३५ दिवसांच्या आत करायची असे. वडा कार्यालयातला कारकून चांगला माणूस होता. तो म्हणाला, "दिदी, तुम्ही त्यांची पत्नी आहात हे मला दिसते आहे. पण मी लिहू कशाच्या आधारावर?" शेवटी गावाहून ग्रामपंचायतीचे पत्र मागवले, वकिलातीत शब्द टाकला, आणि ती नोंद मुदतीत झाली. बँकेचे मात्र अडले. तिकडच्या बँकेच्या अर्जात वारसाच्या जागी "इच्छाइएको व्यक्ति" असे लिहिलेले असते. म्हणजे आपल्या मागे पैसे ज्याला मिळावेत असे आपल्याला वाटते, ती व्यक्ती. त्या माणसाच्या अर्जात ती ओळ कोरी होती. त्याने मुद्दाम सोडली असे नव्हे. घाईत सही करून तो कामावर गेला असेल.

मग तालुक्याच्या कोर्टातून वारस दाखला, नावाचे प्रतिज्ञापत्र, राजपत्र, त्यांची भाषांतरे असे चालू झाले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असे आपण म्हणतो. तिला चौदा महिने लागले. तोपर्यंत दोन मुलांची फी, खोलीचे भाडे, औषधपाणी. तिच्या घरबेटी बाईने दोन महिने भाडे मागितले नाही, आम्ही आठदहा घरांनी थोडेथोडे घातले. पण नवऱ्याच्या कमाईचे पैसे समोरच्या बँकेत असताना तिला दुसऱ्यांपुढे पदर पसरावा लागला, हे माझ्या मनाला फार लागले. ती सोसायला भित नव्हती. पण आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करायला चौदा महिने लागावे, याचा तिला राग होता, आणि तो रास्तच होता.

त्या हकीगतीनंतर आमच्या गल्लीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना बँकेत नेऊन ती कोरी ओळ भरून घेतली. मी माझ्या नावाचे निराळे खाते उघडले. त्याला पासपोर्ट आणि वकिलातीतल्या नोंदीचा कागद उपयोगी पडला. आमच्या ह्यांनी एकदा थट्टेने विचारले, "माझ्यावर भरवसा नाही का?" मी म्हटले, "तुमच्यावर आहे, काळावर नाही." तेही हसले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बँकेत आले.

काळावर भरवसा नाही म्हणते, त्याला कारण आहे. २५ एप्रिल २०१५, शनिवार. तिकडे शनिवारी सुट्टी, म्हणून सगळे घरात होते. दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना धरणी हलू लागली. साऱ्या नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे गेली. आम्ही मुलांना ओढत बाहेर पडलो. दाराच्या खुंटीला मी एक कापडी पिशवी अडकवून ठेवीत असे, तीत सगळे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. जाता जाता ती तेवढी हाती आली. पुढच्या रात्री आम्ही टुंडिखेलच्या मैदानात उघड्यावर काढल्या. घरे तडकलेली, आत जायला बंदी, आणि कित्येकांचे कागद आतच. आता तर मोबाइलमध्ये कागदांचे फोटो ठेवता येतात, सरकारचे डिजिलॉकर आहे. त्याचा उपयोग करावाच. तरीही खुंटीची पिशवी सोडू नये. त्या दिवशी वीजही नव्हती आणि फोनही लागत नव्हता.

दुसरी वेळ २०२० सालची. सासूबाई आजारी म्हणून हे फेब्रुवारीत गावी आले. मी दोन मुलांसह तिकडे. मार्चमध्ये कोरोनामुळे ती सदा उघडी असणारी सीमा बंद झाली. हे इकडे अडकले, मी तिकडे. आठ महिने मी एकटीने घर चालवले. भाडे दिले, माझ्या खात्यातून पैसे काढले, मुलांच्या शाळेशी बोलले, खोलीचा करार माझ्या सहीने वाढवून घेतला. परत यायची वेळ आली तेव्हा वकिलातीत माझी नोंद होतीच. आमच्या तिघांचे तीन पासपोर्ट दाखवून आम्ही नोव्हेंबरात घरी आलो. मी फार धीराची बाई आहे म्हणून हे झाले, असे समजू नका. रात्री मीही रडत होते. पण सकाळी ज्या खिडकीपुढे उभी राही, तेथे माझे नाव सांगितले की ते त्यांच्या वहीत सापडत असे.

मैत्रिणींनो, मला एवढेच सांगायचे आहे. आपण घरातली डाळ-तांदूळ, वाळवणे, मुलांची दुखणीखुपणी सांभाळतो, आणि कागदाचे काम मात्र "ते पुरुषांचे" म्हणून त्यांच्या पेटीत राहू देतो. ती पेटी उघडून पाहणे म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्या बाईला देश सोडून जायचे नाही, तिलाही हे लागू आहे. मुंबईला गेलात तरी शाळेचा दाखला लागतो, आणि बँकेची कोरी ओळ आपल्या गावातल्या खात्यातही असू शकते.

आपल्या मंडळाला माझी एक सूचना आहे. दर महिन्याच्या सभेआधी एक तास आपण कागदांसाठी ठेवू. ज्या मुलीचे लग्न ठरले आहे, ज्यांचे बिऱ्हाड बाहेर जाणार आहे, त्यांनी आपले कागद घेऊन यावे. नाव सगळीकडे एक आहे का, लग्नाची नोंद झाली आहे का, बँकेत वारसाचे नाव लागले आहे का, पासपोर्टाची मुदत केव्हा संपते, एवढे आपण बसून पाहू. अर्ज भरायला मी मदत करीन. इंग्रजी अर्जासाठी आपल्यातल्या शिकलेल्या मुली आहेतच. याला वर्गणी नको, पाहुणे नकोत, फक्त एक सतरंजी आणि चारदोन पेने लागतील. नियम बदलत असतात, म्हणून कोणी जायला निघाले की त्या वेळचे नियम त्या त्या कचेरीत विचारूनच पुढचे पाऊल टाकावे, हेही तेथे सांगत जाऊ.

  मंडळाच्या वर्धापनदिनाला माझ्या मनापासून शुभेच्छा देऊन आपली रजा घेते.

जय हिंद.